गजराबाईचा तोल

वितळलेल्या मेणाचा वास उष्ण आणि जाडसर असतो, जिभेच्या मुळाशी बसून राहतो. अंधेरीतल्या एका धर्मादाय उपचार केंद्राच्या तळमजल्यावर, ताठरलेले हात बुडवण्यासाठी, मेणाची एक पेटी सकाळपासून तापत ठेवलेली असे. तो वास त्या लांबट खोलीच्या फिकट हिरव्या भिंतींतही मुरला होता. एका सोमवारी त्यात दुसरा वास शिरला: खारा, उन्हात वाळलेला, कुणाची परवानगी न मागणारा. सुक्या बोंबलांचा. खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. नाकाला रुमाल लावावा की सभ्यपणा राखावा या पेचात सापडलेले ते चेहरे मला अजून दिसतात. त्यांत माझाही होता.

चाकांच्या खुर्चीत बसून गजराबाई आत आली होती. खुर्ची तिचा मुलगा जयेश ढकलत होता. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिने एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली, बाजारात माल पाहावा तशी, आणि म्हणाली,

“वास येतोय ना? येऊ दे. तुमच्या मेणाचा पण येतोय, मी काय बोलले?”

मी मेणात बुडवलेल्या माझ्या मनगटाकडे पाहू लागले. पायरीवरून घसरून ते मोडले होते. सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढून आता ते लाकडासारखे झाले होते. मी ते उचलताना दुसऱ्या हाताने खालून आधार देई, टेबलावर ठेवताना आधी रुमाल पसरी. गजराबाईने दहा मिनिटे ते पाहिले. मग विचारले, “हात हाय का देव्हाऱ्यातला देव, गो?”

मी अंधेरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे मराठी कविता शिकवली आहे. उपमा ओळखणे हा माझा व्यवसाय. इतकी नेमकी उपमा माझ्या अंगावर कधी कुणी फेकली नव्हती.

ती वर्सोव्याची. साठीच्या पुढची, काळीसावळी, हाडापेराने रुंद. तिच्या शरीरात पाहण्यासारखी एकच गोष्ट होती, तिची मान. बाकी सगळे सैल पडले होते, पण मान अशी उभी होती, की खुर्चीत बसलेली असतानाही ती आपल्याकडे वरून पाहते आहे असे वाटे. अकराव्या वर्षापासून तिने मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सात बंगल्यांच्या बाजूच्या इमारती पालथ्या घातल्या होत्या. त्याच भागातल्या एका गल्लीत, मागे येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली तिचा पाय गेला. अपघाताबद्दल विचारले की ती वेदनेविषयी चकार शब्द काढत नसे. ती माणसांविषयी बोले.

“पन्नास जणं जमली. पाटी सांडलेली. पापलेटं सगळी उचलली, एक ठेवलं नाय. माजा पाय तिथंच पडलेला, तो काय कुणी घरी नेला नाय.”

हे सांगून ती हसे, आणि ऐकणाऱ्याला हसावे की नाही ते कळू नये याचा तिला उघड आनंद होई. तिच्या दृष्टीने माणसांचे दोनच प्रकार होते, भाव करणारी आणि हळहळणारी. पहिल्यांना ती शिव्या देई. दुसऱ्यांना तिच्याजवळ शिवीसुद्धा नव्हती.

केंद्रात सगळे तिला लाडाने ‘मावशी’ म्हणू लागले, तेव्हा तिने ते तिसऱ्या दिवशी बंद केले. “मावशी बोलतो तो भाव पाडतो,” ती म्हणाली. “माजं नाव हाय.”

व्यायाम करवून घेणारे सावंत हे चाळिशीचे, पोट सुटलेले, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे मुलुंडला राहत. माणूस चांगला होता. खोलीतल्या भिंतीवर ‘हसा आणि हलवा’ अशी पाटी लावण्याइतका चांगला. त्यांनी गजराबाईला उरलेला पाय वीस वेळा वर उचलायला सांगितला.

“बारा,” गजराबाई म्हणाली.

“अहो, बारा कसे? वीस सांगितलेत डॉक्टरांनी.”

“त्याचा पाय हाय का? चौदा घे.”

“अठरा तरी करा.”

“पंधरा. आन वर एक, तुजं तोंड बघून.”

सोळा ठरले. तिने प्रामाणिकपणे सोळा केले, दात आवळून, कपाळावरचा घाम पदराला पुसत. आमच्यापैकी बाकीचे वीस कबूल करून अकरावर थांबत असत आणि सावंतांना ‘झाले’ म्हणून सांगत. तिने ठरलेल्यातले एक कमी केलेले मी कधी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा बारापासून सुरुवात.

आठवड्यातून एकदा मुलुंडहून सुमेधाताई येत. त्या मनाच्या सल्लागार होत्या. त्यांच्या आवाजात कायम कोमट पाणी असे. रंगीत कागद आणि स्केचपेने घेऊन त्या रुग्णांना गमावलेल्या अवयवाला निरोपाचे पत्र लिहायला लावत. बोरिवलीचा एक कारकून आपल्या तुटलेल्या पायाला ‘प्रिय मित्रा’ असे लिहिताना रडला, तेव्हा सुमेधाताईंचा चेहरा उजळलेला मी पाहिला आहे. मग त्या गजराबाईसमोर बसल्या.

“आजी, मनात जे साठलंय ते पायाला सांगायचं. मोकळं व्हायचं.”

“त्याला वाचता येत व्हतं?”

“तसं नाही हो…”

“मना पण लिवता येत नाय. म्हंजे लिवणारी तू, वाचणारी तू. मग मना कशाला बसवलंस हितं? ज्यूस तरी आणलास का?”

सुमेधाताईंनी वहीत ‘नकार अवस्था’ असे लिहिले. मी शेजारी बसले होते, मला दिसले. त्या वहीत प्रत्येक माणसासाठी अवस्थांची एक शिडी आखलेली होती आणि कुणीही कुठल्यातरी पायरीवर उभे असणे सक्तीचे होते. साठ वर्षे जगलेली एक बाई आपले जगणे बरोबर घेऊन त्या खोलीत आली आहे, तिला पायरीची गरज नसेल, ही शक्यता त्या शिडीत कुठेच बसत नव्हती.

ते जगणे काय कामाचे होते, ते महिनाभराने समजले. सकाळी जखमेची पट्टी सोडली की गजराबाई ती नाकाशी नेत असे. आम्हाला किळस येई. ती हुंगून पट्टी बाजूला टाकी, रोज, न बोलता. एका गुरुवारी तिने पट्टी दोनदा हुंगली आणि डॉक्टरांना बोलावून घेतले. “माल उतरला,” ती म्हणाली, शिळ्या मासळीबद्दल बोलावे तशी. डॉक्टरांनी टाके पाहिले, दाबून पाहिले, लाली नाही, ताप नाही, आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, “सगळं उत्तम आहे. मनातली भीती काढून टाका.”

“मना वास येतोय.”

“तो बोंबलांचा असेल,” ते म्हणाले, आणि खोलीतले काही जण हसले. मीही ओठ मिटून हसले असेन.

शनिवारी पू आला. जखम पुन्हा उघडावी लागली. डॉक्टर आले तेव्हा तिने तक्रार केली नाही, आवाजही चढवला नाही. त्यांच्या महागड्या शर्टाकडे पाहत एवढेच म्हणाली, “तुला बाजारात कुणीपण फसवील रे.” त्यानंतर डॉक्टर रोज सकाळी तिच्याजवळ थांबत आणि आज काय, असे विचारत. ती पट्टी हुंगून ‘ताजं’ म्हणे. केसपेपरवर ते काय लिहीत असत कुणास ठाऊक.

याच सुमारास मी एक चूक केली. तिच्यावर एक कविता लिहिली आणि, शिक्षकाला असतो तो उत्साह आवरला नाही म्हणून, तिला वाचून दाखवली. तीत खवळलेला समुद्र होता, वल्ही होती, लाटांवर स्वार झालेली ती होती. तिने शेवटपर्यंत ऐकले.

“समुद्र कशाला घातलास?”

“तुम्ही वर्सोव्याच्या…”

“दर्यात पुरुस जातात. मी कवा गेले? मी रस्त्यावर असते. बावीस बिल्डिंगा, तीन वॉचमन शिव्या देणारे. ते लिव.”

मी ते लिहिले नाही. मला तेव्हा वॉचमनवर कविता लिहिता येत नव्हती.

जखम सुकल्यावर तिला तात्पुरता पाय बसवला. कायमचा पाय संस्था फुकट देत असे, पण एका अटीवर. तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर चाचणी व्हायची. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत, आधाराशिवाय किंवा फार तर एका काठीच्या आधाराने चालून दाखवायचे. जो चालेल त्याला पाय, जो पडेल त्याला चाकांची खुर्ची. गजराबाईला पाय हवा होता, कारण तिला फेरी हवी होती. जयेशला ते मान्य नव्हते. तो प्रेमळ मुलगा होता. “आई, किती वर्षं वाहिलंस. आता बस ना. टीव्ही बघ, झकास राहा,” तो म्हणे. गिऱ्हाइके सांभाळायला सून होती. त्या प्रेमळपणाची तिला टँकरपेक्षा जास्त भीती वाटत असावी.

“बसलेली बाय भांड्यावाणी,” एकदा तो गेल्यावर ती मला म्हणाली. “कुणीपण उचलतं, कुठंपण ठेवतं.”

काठी घ्या, सोपे जाईल, असे सावंतांनी सांगून पाहिले. तिने काठी हातातसुद्धा घेतली नाही. “काठी बघितली का गिऱ्हाईक भाव करत नाय, भीक घालतं. मना धंदा करायचाय.”

आणि ती पडू लागली. दोन समांतर दांड्यांमध्ये ती उभी राही, एक पाऊल टाकी, दुसरे टाकी, तिसऱ्याला तिची मान खाली जाई आणि नव्या पायावरचा गुडघा दुमडे. रोज. तिच्या मागून आलेले, तिच्याहून दुबळे लोक चालायला लागले. कारकून तर शिट्टी वाजवत चाले. सुमेधाताईंनी ‘भीतीची अवस्था’ लिहिले. सावंत तिला उठवताना, हळू आवाजात, ‘खाली बघू नका, खाली बघू नका’ म्हणत राहत. चाचणीला पंधरा दिवस उरले होते. तिचे टोमणे कमी झाले, आणि खोलीतल्या लोकांना त्याबद्दल हायसे वाटले, हे मी विसरलेले नाही.

त्या दिवशी ती पुन्हा पडली. जमिनीवर बसल्या बसल्याच तिने आपल्या डोक्यावर तळहात ठेवला, जणू तिथे काहीतरी शोधते आहे, आणि म्हणाली, “रिकामं हाय.”

“काय?” सावंत म्हणाले.

“डोकं. रिकाम्या डोक्यानं मी कवा चालले? माल संपला का रिक्षानं घरी. ते निळं हाय ना, ते आण.”

ते निळे म्हणजे प्लास्टिकचा टब होता. पायाला बांधायच्या वाळूच्या छोट्या पिशव्या त्यात ठेवलेल्या असत. सगळे मिळून आठ किलो. तिने माझ्या खांद्यावरचा नॅपकिन ओढून घेतला, त्याला पीळ देऊन गोल चुंबळ केली आणि डोक्यावर बसवली. ती दांड्यांमध्ये उभी राहिली. पाटी स्वतःची स्वतः डोक्यावर घेता येत नाही. समोरून दुसऱ्या कुणाचे तरी हात लागतात. रस्त्यात पाटीवाली थांबून ‘हात लाव’ म्हणाली, की जाणारा येणारा, जो कुणी असेल तो, थांबतो आणि हात लावतो. नाव विचारत नाही.

“हात लाव,” ती सावंतांना म्हणाली.

“अगे बाये! नोकरी जातली माझी!” सावंतांची मालवणी बाहेर आली. पण हात टबाकडे गेलेच होते.

आठ किलो डोक्यावर बसताच तिच्या सगळ्या शरीराला कुणीतरी आवाज दिल्यासारखे झाले. खांदे उघडले. कंबर जागेवर आली. डोक्यावर ओझे असलेल्या माणसाला खाली पाहता येत नाही. ती समोर पाहत चालू लागली, दांड्यांच्या बाहेर पडली, खिडकीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. एका पायाचा आवाज मऊ, एका पायाचा कोरडा. टबातली एक पिशवीही हलली नाही.

“आईनं पयल्यांदा पाटीत भरलेला तांब्या ठेवला व्हता,” ती सावंतांना म्हणाली. “सांडला तर जेवण नाय. तुज्या भिंतीवरच्या पाटीनं नाय शिकले मी.”

पण तोल परत आला तो टबापुरताच. टब काढला की ती पडे. सावंतांनी वजन थोडे थोडे कमी करून पाहिले. नुसत्या चुंबळीवर ती दोन पावलेही गेली नाही.

चाचणीच्या दिवशी खोलीत खुर्च्या मांडल्या, झेंडूच्या माळा लावल्या, ‘नवी पावले’ असा फलक टांगला. पायात बळ येण्याशी झेंडूचा काय संबंध, हे मी कुणाला विचारले नाही. विश्वस्त पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले होते. त्यांनी भाषणात ‘प्रेरणा’ हा शब्द सहा वेळा उच्चारला. मनगट बरे होत आले होते, मोजायला बोटे वापरता येत होती.

कारकून चालला. टाळ्या. गजराबाईचे नाव पुकारले. तिने तीन पावले टाकली, मान खाली गेली, सावंतांनी तिला वरच्यावर धरले.

“हरकत नाही, हरकत नाही,” विश्वस्त म्हणाले. “प्रयत्न महत्त्वाचा.”

मराठीत याहून क्रूर वाक्य मला ठाऊक नाही. मागे जयेशने खुर्ची पुढे घेतली. तिच्या चाकांची बारीक कुरकुर मला ऐकू आली. गजराबाईने त्याच्याकडे पाहिले नाही. कमरेला खोचलेला नॅपकिन काढून पिळला, डोक्यावर ठेवला, टबाकडे बोट केले आणि विश्वस्तांना, खुद्द विश्वस्तांना, म्हणाली,

“ए बाबा, हात लाव जरा.”

ते उठले. कोपऱ्यातला टब त्यांनी उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या लक्षात येण्याआधीच ते घडले. एवढ्या क्षणापुरते ते विश्वस्त नव्हते, रस्त्यावरचे कुणीतरी होते, आणि मला ते पहिल्यांदाच बरे दिसले. ती चालली. फलकाखालून गेली, दारापर्यंत, वळली, आली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळून लोक एकमेकांकडे पाहत राहिले.

बाह्यांवरची धूळ झटकता झटकता ते पुन्हा विश्वस्त झाले. “पण हे नियमात बसतं का?” त्यांनी चिटणीसांना विचारले. चिटणीसांनी छापील कागद पाहिला. आधाराशिवाय, असे त्यात स्पष्ट होते. बाई टबाशिवाय पडतात, टबासह चालतात. सबब टब हे सहाय्यक साधन ठरते. सुशिक्षित माणसांनी, चहा घेता घेता, आठ किलो वाळूला आधार ठरवले.

“वजन म्हंजे आधार?” गजराबाई म्हणाली. टब अजून डोक्यावर होता. “मग माजा नवरा मोठाच आधार व्हता म्हणायचा. वीस वर्सं बसून खाल्लं.”

कारकून हसला. कुणीतरी त्याला गप्प केले.

“आजी, नियम आहे,” चिटणीस म्हणाले.

“बरं. काठी चालती ना?”

“एक काठी चालते.”

“ती पण साधनच?”

“अर्थात.”

“मी काठी घेतली नाय. बघ, दोन्ही हात मोकळे. काठीच्या बदली ह्यो टब लिव. एकास एक. जास्ती मागते का मी?”

खोलीत मेणाच्या पेटीची बारीक घरघर ऐकू येत होती. चिटणीसांनी विश्वस्तांकडे पाहिले, विश्वस्तांनी घड्याळाकडे. तेवढ्यात सावंतांनी मान खाली घालून तक्त्यावर ‘एक सहाय्यक साधन’ एवढेच लिहिले आणि तो सहीसाठी पुढे सरकवला. सही झाली. जयेश खुर्ची घेऊन उभाच होता, चेहऱ्यावर एखादा सण हुकल्यासारखे भाव घेऊन.

माझे जाणे त्याच महिन्यात थांबले. ती पुन्हा दिसली पुढच्या हिवाळ्यात, आमच्या इमारतीच्या गल्लीत, सकाळी साडेदहाच्या उन्हात. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. आधी आवाज आला, एक मऊ, एक कोरडा. मग ती आली. डोक्यावर भरलेली पाटी, झाकणाखालून पाणी ठिबकणारे, दोन्ही हात मोकळे. वॉचमन मागून काहीतरी ओरडत होता आणि ती न वळता त्याला उत्तर देत होती.

मी त्या वाटेच्या मधोमध उभी राहिले. वर्षभर मनात घोळवलेली वाक्ये होती माझ्याकडे, चांगली, तोलून मापून केलेली. मी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “गजराबाई, ओळखलंत? तुमच्याकडून मी आयुष्यात इतकं…”

तिची नजर माझ्या डोक्यावरून पुढच्या इमारतीवर होती. पाटीतून पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला, थंड, खारट वासाचा. ती थांबली नाही.

“सरक.”